दरडोई २० लिटर आणि बाळाचे लंगोट

माझ्या मुलीचा जन्म डिसेंबर २००३ मधला. त्या वेळी मी मराठवाड्यातील एका उपविभागात प्रांत अधिकारी होते. बाळ येणार हे कळल्यावर मी, सरकारी नोकरीत मुरलेला माणूस करील तेच केले : एक वही घेतली आणि तीत खर्चाचे दोन भाग पाडले, आवर्ती आणि अनावर्ती. अनावर्ती खर्चात दवाखाना, औषधे, पाळणा, बारसे आणि सुइणीला साडी-चोळी. आवर्ती खर्चात लसी, दूध, माझ्या खुराकासाठी अळीव, डिंक, खारीक-खोबरे. पती पुण्याला बँकेत होते. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, "अंदाजपत्रक चांगले आहे, पण यात पाणी कुठे आहे?" मी हसले. पाण्याला कोणी पैसे मोजते का?

अनावर्ती खर्चाचा अंदाज बहुतेक बरोबर निघाला. आवर्ती मात्र पार चुकला.

पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून सुरुवातीचा सव्वा महिना मी नागपूरला होते. तिथे मला कामाचा पसारा जाणवला नाही. पुढे विचार करता लक्षात आले की कामे नव्हती असे नाही, ती सगळी आई करीत होती. पहाटे उठून पाणी तापवणे, शेक-शेगडीची तयारी, दुपट्यांच्या घड्या, रात्री दोनला ओला लंगोट बदलून तो बादलीत टाकणे. यांपैकी एकाही कामाची नोंद माझ्या वहीत नव्हती. जे काम दुसरे कोणी मुकाट्याने करते ते अंदाजपत्रकात येत नाही, हे मी कार्यालयात अनेकदा पाहिले होते. घरात ते ओळखायला मला वेळ लागला.

जानेवारीच्या अखेरीस आईला बरोबर घेऊन मी शासकीय बंगल्यावर परत आले. माझी प्रसूती रजा १३५ दिवसांची होती. ती १ डिसेंबरला सुरू झालेली, म्हणजे १३ एप्रिलपर्यंत मी घरी. तालुक्याच्या गावाला नगरपालिकेचे पाणी पाच दिवसांआड येत होते. मागचा पावसाळा कोरडा गेला होता आणि जानेवारीतच विहिरींनी तळ दाखवायला सुरुवात केली होती. बंगल्याला अर्थात टंचाई नव्हती. टाकी भरलेली आहे की नाही हे पाहायला एक शिपाई असे, आणि ती भरलेली नसेल तर नगरपालिकेचा टँकर येई. मी तो मागवला नव्हता, आणि येऊ नको असेही कधी म्हटले नाही.

खर्चाचे किरकोळ धक्के आधी सांगून टाकते. कपडे धुण्याचा साबण महिन्याला चौपट लागू लागला. बंबाला लाकूड लागले. भारनियमनामुळे कंदील, मेणबत्त्या आणि रात्री उठण्यासाठी एक चांगली विजेरी घ्यावी लागली. अंगणात दोरीच्या दोन ओळी पुरेनात म्हणून तिसरी बांधली. जुन्या सुती लुगड्यांचा आईजवळचा साठा फेब्रुवारीतच संपला, आणि मऊ जुने कापड विकत कुठेच मिळत नाही हे त्या निमित्ताने कळले. बाळ पाहायला येणाऱ्यांच्या चहाला लागलेल्या साखरेचा हिशेब मी ठेवला नाही. बाळाला भेटवस्तू म्हणून एका रास्त भाव दुकानदाराने चांदीची वाटी आणि चमचा आणून ठेवला. आम्हाला लागू असलेल्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत भेटींविषयी स्वतंत्र नियम आहे. मी माणूस पाठवून वाटी परत केली. त्या माणसाच्या एस.टी.च्या भाड्याचे पैसे माझेच गेले. त्यानंतर दोन महिने तो दुकानदार माझ्याशी दुखावल्यासारखा वागत होता, आणि खरे सांगायचे तर त्याचा हेतू वाईट होता असे मला आजही वाटत नाही.

परंतु या सगळ्यांपेक्षा मोठी बाब होती लंगोटांची. डायपर तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत, महाग असत, आणि आई त्यांना घरात येऊ देईना. दिवसाला २० ते २२ लंगोट, त्यावर सहा-सात दुपटी. आईचा नियम कडक होता : एकदा साबणाने धुवायचे आणि तीनदा स्वच्छ पाण्यातून काढायचे, कारण कापडात साबण राहिला तर बाळाची कातडी सोलवटते. पंधरा लिटरच्या चार बादल्या, म्हणजे ६० लिटर. बाळाच्या न्हाणाला आणखी दोन बादल्या. एकूण ९० लिटर पाणी, तेही साडेतीन-चार किलो वजनाच्या एका नागरिकासाठी.

हा आकडा मी गंमत म्हणून मांडला आणि मांडल्यावर गप्प झाले. रजेवर जाण्यापूर्वीच्या आठवड्यात मी टंचाई आराखड्यावर सह्या केल्या होत्या. टँकरने द्यावयाच्या पाण्याचा हिशेब दरडोई २० लिटरचा. गावाची लोकसंख्या गुणिले वीस, भागिले टँकरची क्षमता, इतक्या फेऱ्या. माझे बाळ साडेचार माणसांचे पाणी वापरत होते.

मग मी जुने परिपत्रक काढून बसले. ग्रामीण पाणीपुरवठ्याचे त्या वेळचे राष्ट्रीय मानक दरडोई ४० लिटरचे होते, आणि त्याची फोड मार्गदर्शक सूचनांतच दिलेली होती : पिण्यासाठी ३, स्वयंपाकाला ५, आंघोळीला १५, भांडी आणि घर धुण्याला ७, शौचाला १०. बेरीज बरोबर ४०. ही फोड मी प्रशिक्षणात पाठ केली होती. तीत कपडे धुण्यासाठी एक लिटरही नाही, हे मला तोपर्यंत कधी दिसले नव्हते. ज्यांनी ती केली त्यांचे कपडे बहुधा घरात दुसऱ्या कोणी धुतलेले असत. माझे तरी कुठे वेगळे होते?

बाळाला न्हाऊ घालायला गावातल्या एक मावशी येत. वय साठीच्या घरातले, हात अतिशय मऊ, बोलणे थोडे. न्हाऊ घालून झाले की त्या आईबरोबर लंगोट धुवायला बसत. ते काम ठरलेले नव्हते. आपण होऊन त्या बसत आणि आम्ही बसू देत असू. जाताना त्यांच्या डोक्यावर कळशी असे. आपल्या अंगणातून घरी पाणी नेतात एवढेच मी गृहीत धरले होते, आणि त्यात मला थोडे औदार्यही वाटत होते. मार्चच्या अखेरीस एके दिवशी मी ओट्यावर बसले होते तेव्हा पाहिले की त्या कळशी नळाखाली धरत नाहीत. लंगोट तिसऱ्यांदा काढलेले बादलीतले पाणी त्या कळशीत ओतत होत्या.

मी विचारले तेव्हा त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "म्याडम, तिसरं पाणी साफ असतंय. वाया कशाला घालायचं?"

त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते. सून तिथेच, कारखान्यावरच्या कोपीत बाळंत झाली होती आणि पाडव्याच्या सुमारास तान्हे घेऊन परतली होती. मावशींच्या वस्तीवर टँकर एक दिवसाआड येई. त्या नातवाचे लंगोट माझ्या मुलीच्या लंगोटांच्या पाण्यात धुतले जात होते. त्यापूर्वीचे दिवस ते नुसते उन्हात वाळवून पुन्हा नेसवले जात. पोराच्या मांड्यांवर फोड उठले होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी मलम लिहून दिले आणि लंगोट स्वच्छ धुवायला सांगितले. डॉक्टरांचे काही चुकले नाही. मलम दवाखान्यात फुकट होते. धुण्याचे पाणी कोणत्याच खात्याकडे नव्हते.

मी रजा संपवून रुजू झाले तेव्हा लोकसभेची निवडणूक तोंडावर होती आणि कोणाला दुसरे काही सुचत नव्हते. तरीही मी एक टिप्पणी लिहिली. अंगणवाडीच्या नोंदवहीत गरोदर आणि स्तनदा मातांची यादी असतेच, नवे सर्वेक्षण करायला नको. दीड हजार वस्तीचे गाव धरले तर सहा महिन्यांच्या आतली बाळे साधारण सोळा निघतील. प्रत्येकी ६० लिटर जादा धरले तरी दिवसाला ९६० लिटर, म्हणजे दहा हजारांच्या टँकरची दहा दिवसांत एक जादा फेरी. टँकर नेहमी विहिरीत ओतला जातो आणि मग झुंबड उडते, ओली बाळंतीण त्या झुंबडीत पोहरा टाकू शकत नाही. म्हणून टँकरने आधी अंगणवाडीजवळची हजार लिटरची टाकी भरावी, उरलेले पाणी विहिरीत सोडावे आणि सेविकेने यादीप्रमाणे वाटप करावे. वरिष्ठांना फोनवर सांगितले. ते म्हणाले, "करा. पण कागदावर जपून." नोकरीत हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको.

चौदा गावांत आम्ही हे मे आणि जून असे दोन महिने चालवले. ते फार यशस्वी झाले असा माझा दावा नाही. दोन गावांत टाकीच्या तोटीची किल्ली पहिल्याच आठवड्यात सरपंचांच्या घरी गेली. एका गावात सेविकेशी भांडणे झाली, कारण आठ महिन्यांच्या बाळाची आई म्हणे, माझे पोर काय लंगोट वापरत नाही? तिचे म्हणणे रास्त होते. ऊसतोडीहून परतलेल्या बायकांची नावे यादीत नव्हतीच, कारण बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात झालेले. मावशींची सून त्यांतलीच. तिचे नाव मी स्वतः घालायला लावले आणि ते करताना मला बरे वाटले नाही, कारण तशा आणखी किती जणी होत्या आणि त्यांच्या सासवा माझ्या अंगणात येत नव्हत्या. काही गावांत मात्र सकाळी नऊच्या सुमारास आज्या टाकीपाशीच दगडावर लंगोट धुवायला बसत. सांडपाणी सेविकेने लावलेल्या शेवग्याला जाई. एवढे दृश्य मी पाहिले आहे.

आता या विषयाकडे पुन्हा का वळावे? तर गेल्या वीस वर्षांत बाळंतपणाकडे शासनाने खरोखर लक्ष दिले आहे, आणि तरी नेमका हाच भाग पुन्हा पुन्हा सुटतो असे मला दिसते. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम. सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, रक्त, तीन दिवसांचा आहार, शस्त्रक्रिया झाली तर सात दिवसांचा, जाण्यायेण्याचे वाहन, सगळे मोफत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून सिद्ध झालेली घरोघरच्या नवजात बालसेवेची पद्धत २०११ पासून आशांमार्फत देशभर गेली. रुग्णालयातील प्रसूती झाल्यास बेचाळीस दिवसांत सहा गृहभेटी. प्रशासनाने अभिमान बाळगावा अशा या गोष्टी आहेत. परंतु वाहन माय-लेकरांना दारात सोडते आणि परत जाते. तिथून पुढचा खर्च आणि पुढचे काम हे घरचे मानले जाते.

रोख मदतीचे पाहा. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये किमान ६००० रुपयांचा मातृत्व लाभ सांगितला. २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५००० मिळतात, उरलेले जननी सुरक्षेतून मिळतात असा हिशेब. २०२२ पासून ते दोन हप्त्यांत विभागले : गरोदरपणाच्या नोंदणीनंतर ३०००, आणि जन्माची नोंद व बाळाच्या लसींची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर २०००. लसींची ती फेरी चौदाव्या आठवड्यात संपते. म्हणजे दुसरा हप्ता लवकरात लवकर साडेतीन महिन्यांनी. हप्त्याला लस जोडण्यामागचा विचार मला समजतो, मीही बैठकांत त्याचे समर्थन केले आहे. पण पाण्याचा, साबणाचा, लाकडाचा आणि बुडालेल्या मजुरीचा सर्वांत मोठा भार नेमका याच साडेतीन महिन्यांत पडतो, हे त्या बैठकांत मीही कधी बोलले नाही. मला १३५ दिवस पूर्ण पगार मिळाला. २००८ पासून माझ्यासारख्यांना १८० दिवस मिळू लागले, शिवाय बालसंगोपन रजा वेगळी. खाजगी आस्थापनांतील महिलांना २०१७ मध्ये २६ आठवडे मिळाले, तेही पहिल्या दोन अपत्यांपुरते. कोयता घेऊन जाणाऱ्या बाईची रजा कोण मंजूर करणार?

काही राज्यांनी वस्तू देऊन पाहिल्या. तेलंगणाने २०१७ मध्ये बाळंतिणीच्या हाती साबण, तेल, मच्छरदाणी, कपडे अशी पेटी दिली. तामिळनाडूत रोख रकमेबरोबर पोषणाचे संच दिले गेले. अशा पेटीला निवडणुकीचे खेळणे म्हणून हसणारे सहकारी मी पाहिले आहेत. ज्याने रात्री दोनला कोरडे दुपटे शोधले आहे तो हसणार नाही.

मोजदादीचेही तसेच आहे. देशाचे पहिले वेळ-वापर सर्वेक्षण २०१९ मध्ये झाले. घरातील बिनमोबदला कामाला, ते काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७, असे त्यात निघाले. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ आहेत. बायकांची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषांची नऊ. या सर्वेक्षणाच्या वर्गीकरणात बाळाला भरवणे, न्हाऊ घालणे हे संगोपनात येते, पण कपडे धुणे घरकामात. म्हणजे बावीस लंगोट धुणे हे बाळाचे काम नव्हे, घरचे धुणे आहे. वर्गीकरण आंतरराष्ट्रीय आहे आणि त्याला कारणे असतील. तरीही बाळामुळे घरात किती काम वाढते, हे संगोपनाच्या रकान्यातून कळणार नाही, एवढे धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

डायपरने हा प्रश्न सुटला असे कोणी म्हणेल. ज्यांना परवडतो त्यांचे पाण्याचे काम त्याने खरोखर कमी केले. सप्टेंबर २०२५ मध्ये बाळांच्या डायपरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तेही योग्यच झाले. परंतु जिथे कचरागाडी येत नाही तिथे तो डायपर नाल्यात जातो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी त्याची वेगळी पुडी बांधून द्यायला सांगितले, ती घेणार कोण हा प्रश्न गावागावांत उरला. बाईचे काम पाण्याकडून कचऱ्याकडे सरकले इतकेच.

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले तेव्हा देशातील ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ पर्यंत हा आकडा १५ कोटींच्या पुढे गेला आणि मानक दरडोई ५५ लिटर आहे. ज्या घरात तो नळ रोज वाहतो तिथे माझा हा लेख कालबाह्य समजावा, मला आनंदच होईल. परंतु टंचाईच्या वर्षी आराखडा पुन्हा लोकसंख्येला एका आकड्याने गुणूनच बनतो. माझी मागणी फार मोठी नाही. त्या तक्त्यात आणखी एक रकाना असावा : सहा महिन्यांच्या आतील बाळे. माहिती अंगणवाडीत आहे, आणि स्थलांतरित मातांसाठी जिथे आज राहते तिथली नोंद धरावी, जिथे नाव लागले तिथली नव्हे. मातृत्व लाभाचा दुसरा हप्ता जन्माच्या नोंदीवर द्यावा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायचीच असते, ती वेळेवर होण्यासही यामुळे मदत होईल. लसींसाठी हवे तर वेगळे काही बक्षीस ठेवावे.

त्या चौदा गावांतील जादा फेऱ्यांवर लेखापरीक्षणाचा आक्षेप आला. "मानकापेक्षा जादा फेऱ्या, अनुज्ञेय नाहीत. संबंधितांकडून वसुली का करू नये?" तोवर माझी बदली झाली होती. २००७ मध्ये मी खुलासा दिला. पहिल्या मसुद्यात बाळे, लंगोट आणि बादल्यांचा सगळा हिशेब होता. माझ्या त्या वेळच्या लघुलेखकाने तो टंकित करताना नम्रपणे विचारले, "मॅडम, 'लंगोट' हा शब्द राहू द्यायचा का?" मी तो काढून "नवजात शिशूंची विशेष निकड" असे घातले. परिच्छेद काही वर्षांनी वगळण्यात आला. रक्कम फार लहान असल्याने पाठपुरावा आवश्यक नाही, असे कारण त्यावर नोंदवलेले होते.